उरलेली लोकर: आधी वजनकाटा, मग सुया

उरलेल्या लोकरीचा डबा उघडला की हात रंगांकडे जातो. लाल लालाशेजारी, पिवळी पिवळीशेजारी. डबा देखणा होतो, पण विणायला बसल्यावर या मांडणीचा उपयोग नाही. त्या लाल गुंड्यांत एक ॲक्रिलिकचा असतो, एक सुती आणि एखादा खऱ्या मेंढीच्या लोकरीचा. तिन्ही एकाच तुकड्यात विणले, तर धुतल्यावर खरी लोकर आटते, सुती भाग सैल होऊन लोंबतो, ॲक्रिलिक आहे तसंच राहतं आणि मधोमध चुण्या पडतात. म्हणून पहिली वाटणी जातीची, दुसरी जाडीची, तिसरी वजनाची. रंग शेवटी.

लेबल हरवलं असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघा. शेजारी पाणी ठेवा आणि खिडकी उघडी असू द्या. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती आपोआप विझते आणि राख बोटांत चुरडते. सुती धागा कागदासारखा भुरुभुरु जळतो, मागे मऊ करडी राख. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर काळा टणक मणी उरतो. तो गरम असताना कातडीला चिकटतो, हात लावू नका. मिश्र धाग्यात केसांचा वासही येतो आणि मणीही उरतो. असा धागा ॲक्रिलिकच्या डब्यात टाका, पण धुताना मात्र लोकरीसारखा जपा.

गोव्यात स्वेटर लागतो तो जानेवारीतल्या चार पहाटेंपुरता. त्यामुळे इथल्या घरांत उरलेला साठा बहुतेक तोरणांचा, रुखवताचा, बाळाच्या टोपड्यांचा आणि क्रोशाच्या लेसचा असतो, म्हणजे ॲक्रिलिक आणि सूत जास्त, खरी लोकर थोडी. वाटणीला हे सोयीचंच.

जाडी मोजायला पट्टी पुरे. धागा न ताणता, वेढ्याला वेढा लागून पट्टीवर गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसले ते मोजा. १८ किंवा त्याहून जास्त आले तर धागा बारीक, त्याला १० ते १२ नंबरच्या सुया. ११ ते १४ आले तर मध्यम, ८ किंवा ९ नंबरच्या सुया. १० किंवा कमी आले तर जाड, ७ नंबर किंवा त्याहून जाड सुया. १५ ते १७ च्या धाग्याचा छोटा नमुना विणून ठरवा. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकी सुयांचे नंबर उलटे चालतात, त्यांची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. परदेशातून कुणी सुया आणून दिल्या असतील तर नंबर सोडा, मिलिमीटर बघा. दोन बारीक धागे एकत्र धरले की बहुधा मध्यम जाडी मिळते, पण जोडीचे वेढे मोजूनच खात्री करा.

आता काटा. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा चालतो. ५ ग्रॅमच्या आतले गुंडे मात्र त्यावर फसवे निघतात, ते एकाच रंगाचे आणि जातीचे असतील तर एकत्र तोला. जात, वेढे आणि वजन चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून गुंड्याला बांधा. शाईच्या पेनाने लिहू नका, पावसाळ्यात अक्षरं उतरून धाग्याला लागतात.

वजन माहीत असलं की उरलेला धागा मधेच संपत नाही. त्यासाठी सगळ्यात कामाचा नमुना म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत विणलेला चौकोन. ४ टाके घाला. मग प्रत्येक ओळ एकच: २ सुलट, धागा पुढे (सुईवर एक जादा वेढा), बाकी सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेला जाळी पडते. गुंडा मधून मधून तोला. निम्म्याहून १ ग्रॅम जास्त उरला असतानाच वाढ थांबवा. हा ग्रॅम शेपटांसाठी, म्हणजे धाग्याच्या सुट्या टोकांसाठी, आणि शेवटच्या टाक्यांसाठी. पुढची प्रत्येक ओळ: १ सुलट, दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून), धागा पुढे, पुन्हा दोनाचा एक, बाकी सुलट. दर ओळीला एक टाका कमी होतो. ४ उरले की बंद करा. मध्यम जाडीच्या साधारण ३० ग्रॅम सुतात वीतभर चौकोन होतो, ओटा पुसायला उत्तम. ॲक्रिलिक पाणी शोषत नाही आणि तापलेल्या भांड्याला लागलं तर वितळतं, म्हणून ते स्वयंपाकघराबाहेरच बरं.

चौकोन जोडून मोठं काही करायचं असेल तर वळणावरचे, म्हणजे वाढ थांबते तिथले, टाके सगळीकडे सारखे हवेत, समजा ४०. पहिला चौकोन पूर्ण करून तोला. त्या वजनाहून हलका गुंडा एकट्याने पुरणार नाही. तसे दोन घ्या आणि वळणावर रंग बदला, दोन रंगांचे त्रिकोण समोरासमोर येतात.

याच चौकोनाचा पहिला अर्धा भाग म्हणजे चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) तोरणाचं पान. ४ टाक्यांपासून ३० पर्यंत वाढवा आणि एक नंबर बारीक सुईने बंद करा, म्हणजे वरची कड लोंबत नाही. मध्यम ॲक्रिलिकमध्ये ८ नंबरच्या सुयांवर दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके बसत असतील, तर पान १५ सेंटिमीटर रुंद होतं. ९० सेंटिमीटरच्या दाराला सहा पानं, प्रत्येकी सुमारे ४ ग्रॅम. टोकाला गोंडा: ८ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्यावर २० वेढे, म्हणजे ३.२ मीटर, आणि बांधायला अजून हातभर धागा. पानं क्रोशाच्या १२० सेंटिमीटर साखळीवर ओवा. चवथ ऐन पावसात येते, सुती तोरण दारात ओलं राहून त्यावर काळे ठिपके धरतात. इथे ॲक्रिलिकच हवं.

पट्ट्यांसाठी तीन गुंडे घ्या आणि एकेका ओळीने फिरवा. ज्या टोकाला ओळ संपते, तिथेच पुढचा धागा थांबलेला असतो, तोडावा लागत नाही. दोन रंगांत हे जमत नाही. एका ओळीला विणकामाच्या रुंदीच्या तिप्पट धागा लागतो, टाके बंद करायला चौपट. तेवढा उरला नसेल तर कडेलाच रंग बदला, मधे गाठ नको. शेपूट १५ सेंटिमीटरचं ठेवून आत ओवा. सुती धागा निसटतो, म्हणून त्याचं शेपूट एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवा. टोकं ओलावून तळहातांत चोळून जोडण्याची युक्ती फक्त अशा खऱ्या लोकरीवर चालते, जिच्यावर आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली नाही.

गर्द लाल किंवा काळा धागा पांढऱ्याशेजारी लावण्यापूर्वी ओल्या पांढऱ्या फडक्यात पाच मिनिटं दाबून बघा. पाच मिनिटं वाचवायला गेलं की अख्खं तोरण गुलाबी.

साठवण हा गोव्यातला खरा कस. चिऱ्यांच्या भिंती पावसाळाभर दमट असतात, त्यामुळे लोकरीचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, निदान चार बोटं जागा सोडा. डबे मे महिन्यातच, पाऊस लागायच्या आधी भरा. लोकर कोमट पाण्यात रिठ्याने, न चोळता धुवा आणि सावलीत दोन दिवस पूर्ण वाळवा. ओलसर गुंडा घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडला तर बुरशी आतच वाढते, मग डबा कितीही महाग असो. गुंडे सैल गुंडाळा, घट्ट ताणलेला धागा विणून धुतला की आखडतो. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. निळे खडे गुलाबी झाले की ती बदला.

कसर नावाची कीड खाते ती खरी लोकर, ॲक्रिलिकला ती सहसा शिवत नाही. म्हणून लोकरीचा डबा वेगळा. लवंग, कडुलिंबाची पानं यांच्या वासाने कीड थोडी दूर राहते, पण अंडी मरत नाहीत. बाळाच्या कपड्यांच्या लोकरीत डांबरगोळ्या मुळीच नकोत. जी सिक्स पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात, आणि ती कमतरता आहे हे घरच्यांना आधी ठाऊक असेलच असं नाही.

गुंड्यात भोकं किंवा बारीक जाळी दिसली तर तो लगेच वेगळा करा, प्लास्टिकच्या पिशवीतली हवा काढून घट्ट बांधा आणि फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका. इथल्या हवेत थंडगार लोकर तशीच उघडली की तिच्यावर पाणी धरतं, आणि कसर गेली तरी बुरशी येते. एक दिवस बाहेर ठेवून पिशवी पुन्हा आठवडाभर फ्रीजरमध्ये टाका, पहिल्या फेरीत वाचलेलं बरंचसं दुसऱ्यात जातं.