पीसीओची पिवळी पेटी पुन्हा उजळायची तर

एसटीडी-आयएसडी-पीसीओच्या, म्हणजे सार्वजनिक फोनच्या दुकानांवरच्या पाटीच्या पिवळ्या पेट्या (पत्र्याचा डबा, पुढे पिवळं ॲक्रिलिक, आत ट्यूबलाइट) आता भंगारातच सापडतात. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी सकाळीच जाते, कारण उशीर झाला की पत्रा एका ढिगात आणि ॲक्रिलिक दुसऱ्या. पालिकेचा शिक्का असलेली पथदिव्याची फिटिंग कोणी स्वस्तात देऊ केली तर मात्र मी हात लावत नाही. ती खांबावरून कशी उतरली, हे विचारायला भंगारवाला येत नसतो, पोलीस येतात.

घासाघीस करताना नजर ॲक्रिलिकवर ठेवा. पत्रा सडला असेल तर नवा वाकवून मिळतो, होल्डर-पट्टी मिळते. पण उन्हात वर्षानुवर्षं राहून उतरलेला तो पिवळा नव्या शीटला येत नाही. आत चोक, म्हणजे ट्यूबचा प्रवाह आवरणारी तांब्याच्या तारेची गुंडाळी, नसेलच असं धरून चाला. तांब्यासाठी तो सगळ्यात आधी निघतो.

ॲक्रिलिक पुसायला थिनर, पेट्रोल, स्पिरिट काही नको. लगेच काही दिसत नाही, मग केसासारख्या चिरा उमटतात आणि दिवा लागला की प्रत्येक चीर चमकते. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना सुती कपडा, बस. ओरखडे खोल असतील तर १००० आणि मग २००० नंबरचा वॉटर पेपर पाणी घालून, शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड. अक्षरं रेडियमची असतील तर त्यांच्या कडेपासून लांब राहा. ‘आयएसडी’चा एखादा तुकडा उडालेला असेल तर मी तसाच ठेवते. नवीन कापून लावला की तोच डोळ्यात खुपतो.

आता वीज. जुनी वायर सगळी काढून टाका, कडक झालेलं प्लॅस्टिक वाकवलं की तडकतं. होल्डरही बदला. स्विच फेजवर, म्हणजे करंट येणाऱ्या तारेवर हवा आणि पत्र्याला अर्थिंग हवंच. या पेट्यांना ते बहुतेकदा नसायचं, आणि पाऊस तर थेट अंगावर यायचा. वायरिंगचा अनुभव नसेल तर एवढ्यापुरता वायरमन बोलवा.

दुकानदार इलेक्ट्रॉनिक चोक पुढे करेल. तुम्ही तांब्याचाच मागा. जुना मिळाला तर १०० वॅटच्या बल्बबरोबर सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून तपासा: बल्ब थोडा मंद लागला तर चोक ठीक, पूर्ण प्रकाशात लागला तर आतून शॉर्ट, लागलाच नाही तर तुटलेला. दोन फुटांच्या पेटीत जाड २० वॅटची किंवा बारीक १८ वॅटची ट्यूब त्याच चोक-स्टार्टरवर चालते. चार फुटांत तसंच ४० आणि ३६. ट्यूबची दोन्ही टोकं लाल राहतात आणि मधे काही नाही? आधी स्टार्टर, म्हणजे ट्यूब पेटवणारी छोटी डबी, बदला. टोकं काळी पडली असतील तर ट्यूबच संपली.

एलईडी पट्टी लावा असं सगळे सांगतात. वीज वाचते, मान्य. पण पट्टीचे ठिपके ॲक्रिलिकमागून दिसतात. ट्यूब चहूबाजूंनी उजेड टाकते, मागच्या पांढऱ्या पत्र्यावरून तो परततो, म्हणून पिवळा कडेपर्यंत सारखा भरतो. मागचा पत्रा पांढराच रंगवा, चंदेरी नको. ट्यूब आणि ॲक्रिलिक यांत निदान चार बोटं अंतर सोडा, नाहीतर मधोमध पांढरा पट्टा उठतो.

ट्यूबांचा साठा आत्ताच करा. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारात २०२३ मध्ये देशांनी २०२७ पर्यंत त्यांचं उत्पादन थांबवायचं ठरवलं. ट्यूबमध्ये पारा असतो, म्हणून ती फुटली तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा. झाडू किंवा व्हॅक्यूम फिरवू नका. जाड पुठ्ठ्याने काच गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीने उचला आणि झाकणाच्या बरणीत भरून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.