गृहपद्धती राबवताना या चुका टाळा

निरीक्षणगृहातील, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशीच्या काळात ठेवतात त्या संस्थेतील, मुलांचे गट पाडून प्रत्येक गटावर गृहपिता (गटाचा सांभाळ करणारा कर्मचारी) नेमला की गृहपद्धती, म्हणजे मुलांना कुटुंबासारख्या लहान ‘गृहां’त वाढवण्याची पद्धत, सुरू झाली, असा समज नव्या अधीक्षकांमध्ये मला वारंवार आढळतो. १८३३ साली हॅम्बुर्गजवळ जर्मन धर्मोपदेशक योहान व्हिखर्न यांनी आपल्या बालसंस्थेत सुमारे बारा-बारा मुलांची ‘कुटुंबे’ केली, तेव्हा प्रत्येक कुटुंबासोबत राहणारा मोठा माणूस ठरलेला असे आणि पद्धतीचा सारा भार त्याच्यावर होता. त्यामुळे गृहपित्यांची दर आठवड्याला अदलाबदल करणे ही मूळ चूक होय. मी एका गृहाचा गृहपिता वर्षभर हलवत नसे.

दुसरी चूक कोकणात दर भाद्रपदात होते. गणपतीला गावी जाऊ नकोस, असे आपल्या माणसाला सांगणे मलाही जमत नाही. येथील एका संस्थेत मी नवीन असताना चारपैकी तीन गृहपित्यांच्या रजा एकाच दिवशी मंजूर केल्या आणि रात्री पहारेकऱ्याने सर्वांत मोठ्या मुलाला मॉनिटर करून टाकले. तिसऱ्या दिवशी एका लहान मुलाच्या पाठीवर पट्ट्याचे वळ दिसले. मी विचारले, समुपदेशकांनी विचारले, तो बोलला नाही. गौरी-विसर्जन आटोपून त्याचे गृहपिता परतले, तेव्हा त्यांच्याजवळ बसून त्याने तासाभरात सगळे सांगितले. तेव्हापासून रजेची वही मी आषाढातच उघडतो: निम्म्यांनी प्रतिष्ठापनेला जावे, निम्म्यांनी गौरींना, आणि पुढच्या वर्षी उलट, शिमग्यालाही हाच नियम.

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८२ नुसार संस्थेतील कर्मचाऱ्याने शिस्तीसाठी मुलाला शारीरिक शिक्षा करणे हा गुन्हा आहे. स्वतः हात उगारता येत नाही म्हणून मोठ्या मुलाला पुढे करण्याचा आडमार्ग मला त्याहून निंद्य वाटतो, आणि महिन्याभरात शिस्त दिसावी अशी घाई असलेले अधिकारीच तो धरतात.

मुले आली त्या क्रमाने गृहे भरू नका. वय, शारीरिक व मानसिक स्थिती आणि आरोपाचे गांभीर्य पाहूनच मुलांना वेगळे ठेवावे, असे त्याच अधिनियमाचे कलम ४७ सांगते.

पावसाळ्यात छप्पर गळते म्हणून दोन गृहे ‘तात्पुरती’ एकत्र केली जातात, ती दिवाळीपर्यंत तशीच राहतात. कौले मे महिन्यातच शाकारून घ्यावीत.

पाळी बदलताना तोंडी निरोपावर विसंबू नये. कोण जेवला नाही आणि कोणाच्या घरून कोणी भेटायला आले नाही, एवढे तरी मी वहीत लिहून घेतो.