पिव्हट चार्टमध्ये तालुक्याखालची गावं उघडत नसतील तर

निपाणी, चिकोडी, खानापूर अशा तालुक्यांच्या ऊसनोंदी एक्सेल २०१६ मध्ये. त्यांच्या पिव्हट टेबलावरून (नोंदींचा गोषवारा मांडणारा तक्ता) काढलेल्या पिव्हट चार्टवर तालुक्यांचे खांब दिसायचे, पण गावं उघडायचीच नाहीत; कोपऱ्यातली + आणि − बटणंही गायब. रिफ्रेश केलं, चार्ट नव्याने काढला, उपयोग शून्य. पार वैताग आला.

जमलं ते असं. चार्टच्या फील्ड यादीत 'गाव' हे फील्ड (नोंदींतला रकाना) लेजंडच्या (रंगांच्या सूचीच्या) चौकटीतून ओढून अ‍ॅक्सिसच्या चौकटीत, 'तालुका'च्या बरोबर खाली ठेवलं. क्रम महत्त्वाचा, गाव वर गेलं की सगळं उलटं होतं. मग चार्टवर क्लिक, अ‍ॅनालाइझ टॅब, फील्ड बटन्स, त्यात एक्सपांड-कोलॅप्सवर टिक. उजव्या खालच्या कोपऱ्यात बटणं आली. मात्र ती सगळेच तालुके एकदम उघडतात. फक्त खानापूरची गावं हवीत तर पिव्हट टेबलात त्या नावाशेजारचं + दाबा. चार्ट लगेच बदलतो.