जुन्या अमेरिकी नोटा जमवताना या चुका टाळा

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील कागदी नोटा जमवू लागलेल्या माणसाला बनावट नोटेची धास्ती फार असते. माझ्या पाहण्यात मात्र अधिक नोटा वाया गेल्या त्या अस्सल नोटा 'नीट' करण्याच्या हौसेपायी.

फिलाडेल्फियाच्या हॉल अँड सेलर्स छापखान्यात छापलेली 1776 सालची चार डॉलरची कॉन्टिनेन्टल नोट (म्हणजे युद्धकाळात अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने, त्यांच्या प्रतिनिधी सभेने, काढलेली कागदी नोट), जिच्यावर भाल्यावर धावून जाणारे रानडुक्कर आहे, एका नवख्या मित्राने मला दाखवायला आणली होती. मधोमध दुभंगलेली ती नोट जुन्या सुती दोऱ्याने, बारीक टाके घालून जोडलेली होती. नोटा फाटल्या की लोक त्या शिवून पुन्हा चलनात आणत, त्यामुळे हा दोरा नोटेचाच भाग आहे, त्याला हात लावू नकोस, असे मी त्याला बजावले. पुढच्या भेटीत दोरा उसवलेला, दोन्ही अर्धे मागून चिकटपट्टीने जोडलेले आणि घडी जावी म्हणून नोट ओलसर करून तिच्यावर इस्त्री फिरवलेली होती. छपाईचा बोटाला जाणवणारा उठाव गेला होता आणि टाक्यांची रिकामी भोके तेवढी उरली होती. मला ते आजही सलते. चिकटपट्टीचा डिंक कागदात मुरल्यावर तो काढणे कागद-संवर्धकालाही जड जाते. माझी सवय अशी की नवी नोट आली की ती मायलारच्या (पारदर्शक पॉलिएस्टरच्या) पाकिटात ठेवायची आणि महिनाभर नुसती पाहायची. ज्याला एवढाही धीर नाही त्याने नाणी जमवावीत.

पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटे वापरू नयेत. नोट लॅमिनेट तर कधीच करू नये.

पर्यटकांसाठी छापलेल्या प्रतिकृती तपकिरी, कुरकुरीत कागदावर असतात आणि त्यांतील सह्याही छापलेल्याच असतात. अस्सल कॉन्टिनेन्टल नोटेचा कागद चिंध्यांपासून केलेला, जाडसर व मऊ असतो. त्यात निळे धागे आणि अभ्रकाचे कण दिसतात, तर सह्या व क्रमांक लेखणीने घातलेले असतात. ब्रिटिशांनी न्यूयॉर्कमध्ये छापवलेल्या बनावट नोटांमुळे 20 मे 1777 आणि 11 एप्रिल 1778 या तारखांच्या मालिका काँग्रेसने मागे घेतल्या. त्यांतील नोट घाईने, केवळ फोटो पाहून घेऊ नये. मी ती दिव्याखाली तिरकी धरतो, अभ्रक चमकतो का ते पाहतो आणि मगच किमतीचे बोलतो.