विंडोज १०-११ वर टर्बो सी++ ३.० : डॉसबॉक्समधली मांडणी

टर्बो सी++ ३.० हा सी आणि सी++ भाषांचा जुना कंपायलर (कोड चालवण्याजोगा करून देणारा), १६ बिटचा डॉस प्रोग्रॅम. ६४ बिटच्या विंडोजमध्ये असे प्रोग्रॅम चालवणारा भागच नाही, म्हणून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' किंवा 'कंपॅटिबिलिटी मोड' यांत वेळ घालवू नका. विंडोजच्या आत जुना डॉस संगणक उभा करणारा डॉसबॉक्स ०.७४-३ हा प्रोग्रॅम बसवा.

खरी गोम फोल्डरच्या मांडणीत आहे. डी ड्राइव्हवर 'डॉस' नावाचा फोल्डर करा आणि 'टीसी' हा पूर्ण फोल्डर (बिन, इन्क्लूड, लिब, बीजीआय यांसकट) त्यात ठेवा. मग डॉसबॉक्समध्ये, अर्थात इंग्रजी अक्षरांत, ओळीने टाइप करा ('माउंट' म्हणजे तो फोल्डर डॉसबॉक्सला सी ड्राइव्ह म्हणून दाखवणे):

माउंट सी डी:\डॉस
सी:
सीडी \टीसी\बिन
टीसी

बरेच जण 'टीसी' फोल्डरच माउंट करतात आणि फसतात. तसे केले की डॉसबॉक्सला हेडर फाइली सी:\इन्क्लूडमध्ये दिसतात, पण टर्बो सी त्या सी:\टीसी\इन्क्लूडमध्ये शोधतो. 'अनेबल टू ओपन इन्क्लूड फाइल' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. ऑप्शन्स मेनूतल्या डिरेक्टरीजमध्ये सी:\टीसी\इन्क्लूड आणि सी:\टीसी\लिब आहे ना, ते पाहा. इथे विंडोजचा 'डी:' पत्ता चालत नाही. डॉसबॉक्सला दिसतो तोच द्यायचा.

आता सगळ्यात त्रासदायक गोष्ट. टर्बो सीमध्ये कंट्रोल+एफ९ म्हणजे 'रन', पण डॉसबॉक्समध्ये तीच जोडी डॉसबॉक्स बंद करते. सेव्ह न केलेला प्रोग्रॅम त्यासोबत जातो. म्हणून आधी कंट्रोल+एफ१ दाबून कीमॅपर (कोणती कळ काय करते ते बदलण्याची खिडकी) उघडा, खालचे 'शटडाउन' बटण निवडा, 'डेल'ने त्याची जोडणी काढा, 'सेव्ह' करून बाहेर पडा. तोवर रन मेनूतूनच चालवा आणि दर वेळी आधी एफ२ दाबा.

ग्राफिक्ससाठी ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज इथे 'ग्राफिक्स लायब्ररी'वर खूण करा. नाहीतर लिंकर 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणतो. ग्राफिक्स सुरू करणाऱ्या इनिटग्राफ या फंक्शनला सी:\टीसी\बीजीआय हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा पत्ता द्या, मात्र कोडमध्ये प्रत्येक तिरकी रेघ दुहेरी लिहा. एकेरी राहिली तर '\टी' म्हणजे टॅब धरला जातो आणि ड्रायव्हर सापडत नाही. अ‍ॅनिमेशन रखडत असेल तर कंट्रोल+एफ१२ ने वेग वाढतो.

आउटपुट झटकन नाहीसे झाले तर ऑल्ट+एफ५. माउस अडकला तर कंट्रोल+एफ१०. फाइलचे नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा.

दर वेळी टाइप करायचे नसेल तर स्टार्ट मेनूतून डॉसबॉक्सची 'ऑप्शन्स' फाइल उघडून वर दिलेल्या माउंटपासूनच्या चार ओळी तिच्या शेवटच्या 'ऑटोएक्झेक' विभागात टाका.

हाच कोड पुढे नव्या कंपायलरवर नेताना लक्षात असू द्या: इथला 'इंट' दोनच बाइटचा, ३२७६७ च्या पुढे तो ऋण होतो. फॅक्टोरियलच्या प्रोग्रॅममध्ये ८! लाच उत्तर चुकते. अशा प्रोग्रॅममध्ये 'लाँग' वापरा.