गव्हाणीत पडलेल्या चाऱ्याचा खरा भाव कसा काढायचा

सिन्नर, निफाड, येवला या पट्ट्यात कुठल्याही गोठ्यावर सरकी ढेपेच्या पोत्याचा भाव विचारा, लगेच सांगतील. तेच पोतं एक किलो प्रथिन कितीला देतं, हे विचारलं तर मात्र उत्तर येत नाही. दुधाच्या खर्चात साठ-सत्तर टक्के वाटा एकट्या खाद्याचा असतो. एवढा मोठा खर्च नुसत्या पोत्याच्या दरावर ठरवणं परवडत नाही. त्यासाठी लागतं ते वजनकाटा, वही आणि शाळेतलं गणित.

खाली दिलेले दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्याकडचे त्या आठवड्याचे दर टाकून पुन्हा मांडा, रीत तीच राहील.

आधी गोठ्यापर्यंतचा दर

दुकानातला दर हा अर्धाच दर. त्यात गाडीभाडं आणि हमाली मिळवा, रिकाम्या पोत्याचे पैसे वजा करा आणि आलेली रक्कम प्रत्यक्ष वजनाने भागा. पोत्यावर छापलेलं वजन धरू नका. ढेप, भुसा, चुनी (डाळीच्या गिरणीतला चुरा) यांची पोती वेगवेगळ्या वजनाची येतात आणि दोन पोत्यांची तुलना करताना नेमकं हेच विसरतं. दर खेपेला दोन पोती काट्यावर ठेवली तरी पुरे.

कडबा शेकड्यावर विकला जातो, म्हणून तिथे फसगत जास्त. शंभर पेंढ्या 2000 रुपयांना घेतल्या. दहा पेंढ्या एकत्र बांधून तोलल्या, 14 किलो भरल्या. म्हणजे शेकडा 140 किलोचा आणि कडबा 14 रुपये 30 पैसे किलो पडला. शेजारच्या गावचा 1800 चा शेकडा किलोभराच्या पेंढीचा असेल, तर तो 18 रुपये किलो झाला. स्वस्त म्हणून आणलेला महाग निघाला.

मग वाया जाणारं मोजा. आख्खा कडबा टाकला तर खालचं जाड धाट गव्हाणीत तसंच राहतं. एक दिवस टाकलेलं तोला, दुसऱ्या सकाळी उरलेलं तोला. पाचवा हिस्सा उरत असेल तर 14.30 चा कडबा गायीच्या पोटात जाईपर्यंत जवळजवळ 18 रुपयांचा होतो. कुट्टी (बारीक तुकडे) केली आणि नासाडी पाच टक्क्यांवर आली तर तोच 15 रुपयांना पडतो, वर कुट्टीची वीज आणि मजुरी. मुरघासाच्या (हवाबंद खड्ड्यात किंवा बॅगेत दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्यात वरचा आणि कडेचा काळा पडलेला थर फेकावा लागतो, तोही नासाडीतच धरा.

पाणी वजा करा

हिरव्या चाऱ्यात आणि मुरघासात आपण बहुतेक पाणीच विकत घेतो. पाणी काढून जे उरतं ते ड्राय मॅटर, आणि खरी तुलना तिथून सुरू होते. ड्राय मॅटरचा साधारण अंदाज असा: नेपियर (हत्ती घास) 15 ते 20 टक्के, लसूण घास (ल्युसर्न) 18 ते 20, हिरवा मका 20 ते 25, उसाचं वाढं 25 ते 30, चांगला मुरघास 30 ते 35, कडबा आणि सुका खुराक (ढेप, पेंड, भरडा, भुसा) 88 ते 90 टक्के.

मुरघासाच्या बाबतीत अंदाजावर राहू नका. मका दुधाळ अवस्थेत घाईने कापला की 20-22 टक्केच ड्राय मॅटर भरतो, आणि विकणारा मात्र टनावर पैसे घेतो. घेण्याआधी मूठभर मुरघास हातात घ्या आणि अर्धा मिनिट घट्ट दाबा. बोटांमधून रस गळला तर माल ओला, ड्राय मॅटर 25 च्या आत. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला पण रस नाही, तर 25 ते 30 च्या आसपास. गोळा हळूहळू सुटत गेला तर 30 च्या पुढे. वासही घ्या. आंबटगोड वास चांगला. कुजका किंवा तिखट अमोनियासारखा वास आला तर ती बॅग फुकटही नको.

पक्कं मोजायचं तर घरचा डिजिटल काटा चालतो. बॅगेतून पाच-सहा ठिकाणचा मुरघास घेऊन मिसळा आणि बरोबर 100 ग्रॅम तोला. मायक्रोवेव्हमध्ये पातळ थर पसरा, शेजारी अर्धा पेला पाणी ठेवा, म्हणजे चारा जळत नाही. आधी दोन-दोन मिनिटं, नंतर एकेक मिनिट चालवा, दर वेळी तोला. लागोपाठ दोन वजनं सारखी आली की थांबा. 30 ग्रॅम उरले तर ड्राय मॅटर 30 टक्के. काळं पडलं तर ते वजन सोडा, पुन्हा करा. मायक्रोवेव्ह नसेल तर दोन दिवस कडक उन्हात वाळवून शेवटी कढईत मंद आचेवर परता. नुसत्या उन्हाने आठ-दहा टक्के पाणी आत राहतंच.

वैरणीची तुलना: एक किलो टीडीएन कितीला

टीडीएन म्हणजे एकूण पचनीय घटक, सोप्या भाषेत चाऱ्यातली ताकद. ड्राय मॅटरच्या टक्केवारीत मका मुरघासाचं टीडीएन साधारण 65 धरा, लसूण घासाचं 60, नेपियरचं 55, कडबा आणि वाढ्याचं 50, भाताच्या पेंढ्याचं 40 ते 45. गोठ्यापर्यंतचा दर भागिले ड्राय मॅटर, भागिले टीडीएन, एवढाच हिशेब.

मुरघास 6.50 रुपये किलो, ड्राय मॅटर 30 टक्के. एका किलोत 0.30 गुणिले 0.65, म्हणजे 195 ग्रॅम टीडीएन. टीडीएनचा दर पडला 33 रुपये किलो. तोच मुरघास त्याच दरात 22 टक्क्यांचा निघाला तर 45 रुपये. एका बॅगेत आणि दुसऱ्या बॅगेत एवढं अंतर आणि बिलावर रक्कम मात्र एकच! 30 टक्क्यांच्या मालाला 6.50 देत असाल तर 22 च्या मालाला 4.75 च्या वर देऊ नका.

नेपियर 3 रुपयांना पडत असेल आणि ड्राय मॅटर 18 टक्के असेल, तर टीडीएन 30 रुपये. कुट्टी केलेला कडबा 15 रुपयांनी 33 रुपये. वाढं 3.50 ला मिळालं तर 25 रुपये, सगळ्यात स्वस्त. पण नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नये. त्यात प्रथिन कमी, आणि त्यातलं ऑक्झॅलेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. वैरणीचा एक भाग म्हणून द्या आणि खनिज मिश्रण चुकवू नका.

घरच्या नेपियरला ‘फुकटचा’ म्हणणं ही फार जुनी चूक. वर्षाचं खत, पाणी, वीज, कापणीची मजुरी आणि त्या जमिनीचा खंड (वर्षाचं भाडं) एकत्र करून वर्षाच्या किलोंनी भागा. ज्या बागायती तुकड्यात कांदा किंवा टोमॅटो निघतो तिथला खंड चांगलाच असतो, तो धरल्याशिवाय नेपियरचा दर खरा येत नाही.

खुराकाची तुलना: मका आणि सोया पेंडेच्या मापाने

इथे टीडीएन एकटं पुरत नाही, कारण खुराकात आपण दोन गोष्टी विकत घेतो: ताकद आणि प्रथिन. मका ताकदीचं माप, सोया पेंड प्रथिनाचं. या दोघांच्या दरांवरून दोन्हींचा भाव निघतो.

एक किलो मक्यात साधारण 0.75 किलो टीडीएन आणि 0.08 किलो प्रथिन. एक किलो सोया पेंडेत 0.70 टीडीएन आणि 0.45 प्रथिन. मका भरडा 24 रुपये आणि सोया पेंड 45 रुपये धरून दोन समीकरणं सोडवली की टीडीएनचा भाव 25.60 रुपये किलो आणि प्रथिनाचा 60 रुपये किलो येतो. ताळा करा: 0.75 गुणिले 25.60 म्हणजे 19.20, त्यात 0.08 गुणिले 60 म्हणजे 4.80 मिळवले की 24 रुपये बरोबर.

आता दुसरा कुठलाही खुराक याच मापाने मोजा. सरकी ढेपेत टीडीएन 0.65, प्रथिन 0.22. किंमत होते 16.64 अधिक 13.20, म्हणजे 30 रुपये. बाजारात ती 38 ला असेल तर किलोमागे आठ रुपये जास्त जातात. गहू भुशात टीडीएन 0.60, प्रथिन 0.14, किंमत 24 रुपये. तो 26 ला मिळाला तर फार बिघडत नाही.

सरकीच्या बाजूनेही बोलायला हवं. तिच्यात तेल असतं, गाय आवडीने खाते, आणि फॅट सांभाळायला ती मदत करते असा गोठ्यावरचा अनुभव आहे. गायीच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफवर (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक) ठरतो, म्हणून फॅट खाली गेला की बिल लगेच कमी येतं. पण आठ रुपये जास्त द्यायचे की नाही हे सवयीने ठरवू नका. डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलावरचा फॅट बघून ठरवा.

लसूण घासही याच मापाने बघा. 5 रुपयांनी त्याचं टीडीएन जवळजवळ 42 रुपयांना पडतं, म्हणून तो महाग वाटतो. पण किलोत 38 ग्रॅम प्रथिन आहे, त्याचे 2.28 रुपये. ते वजा केले तर टीडीएन 23 रुपयांना पडतं. मुरघासाला तोच न्याय लावला तर 26. म्हणजे घास स्वस्तच आहे. कडब्याला मात्र मक्याच्या भावाने मोजू नका. कडब्यातली ताकद पोट भरून मिळते, जास्त दुधाच्या गायीच्या पोटात तेवढी जागाच नसते.

मग गायीपुढे मांडून बघा

450 किलोची संकरित एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय, 15 लिटर दूध, 3.5 फॅट. शरीर राखायला साधारण 3.4 किलो टीडीएन आणि 400 ग्रॅम प्रथिन लागतं. दर लिटरला 0.30 किलो टीडीएन आणि 84 ग्रॅम प्रथिन. एकूण 7.9 किलो टीडीएन, 1660 ग्रॅम प्रथिन.

20 किलो मुरघास, 3 किलो कडबा कुट्टी, 5 किलो लसूण घास आणि 22 टक्के प्रथिनाचं 4 किलो पशुखाद्य दिलं तर टीडीएन 8.4 किलो आणि प्रथिन 1660 ग्रॅमच्या जवळ भरतं. ड्राय मॅटर 13.3 किलो, म्हणजे वजनाच्या तीन टक्के, गाय आरामात खाईल. खर्च: मुरघास 130, कडबा 45, घास 25, पशुखाद्य 34 रुपयांनी 136, खनिज मिश्रण 5. एकूण 341 रुपये, लिटरमागे 22.70.

आता घरी खुराक बनवून बघू. शंभर किलोला मका भरडा 30, सोया पेंड 27, सरकी ढेप 15, गहू भुसा 25, खनिज मिश्रण 2, मीठ 1. प्रथिन 21 टक्क्यांच्या वर जातं. दळण आणि मिसळणी किलोमागे दीड रुपया धरली तर दर 35 रुपये. म्हणजे या दरांत तयार पशुखाद्यच रुपयाने स्वस्त. सरकी काढून मका 35, सोया 28 आणि भुसा 34 किलो केला तर दर 33.25 वर येतो, प्रथिन 20 टक्के राहतं. घरचं नेहमी स्वस्त असतंच असं नाही. मका स्वस्त असताना घरचं जिंकतं, मका तापला की बहुतेक पोतं.

तयार पोतं घेताना लेबल वाचा. भारतीय मानकात टाइप 1 ला किमान 22 टक्के आणि टाइप 2 ला किमान 20 टक्के प्रथिन असावं लागतं, ओलावा 11 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. फक्त प्रथिनाचा आकडा बघून भुलू नका, युरिया मिसळूनही तो वाढतो. भुसा किंवा चुनीत वाळूची शंका असेल तर मूठभर माल पेलाभर पाण्यात ढवळा, खडी आणि वाळू तळाला बसते.

बुरशीचा माल कितीही स्वस्त असला तरी सोडा. ओल्या मक्यावर आणि शेंगदाणा पेंडेवर बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते दुधात उतरतं. साठवायचा मका 12-13 टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेला हवा, थप्पी जमिनीपासून वर आणि भिंतीपासून दूर.

फुकटचा कांदा

भाव पडला की लासलगाव-पिंपळगाव भागात खराब कांद्याच्या ट्रॉल्या गोठ्यांकडे वळतात. कांद्यात ड्राय मॅटर साधारण 12 टक्के. वाहतुकीला किलोमागे रुपया गेला तरी ड्राय मॅटर 8 रुपयांच्या आसपास पडतो, त्याहून स्वस्त काही मिळणार नाही. धोका दुसरीकडे आहे. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं गायीच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. जास्त खाल्ला की लघवी लालसर-काळी होते, डोळ्याच्या आतली कड पांढरी पडते, गाय थकते, दूध घटतं आणि दुधाला कांद्याचा वास येतो. एकूण ड्राय मॅटरच्या चौथ्या हिश्श्याच्या वर कधीच नाही, तोही कापून चाऱ्यात मिसळून आणि हळूहळू वाढवत. ढीग मोकळा ठेवू नका. एक गाय त्यावरच उभी राहते. गाभण आणि अशक्त जनावरांना देऊच नका. लाल लघवी दिसली की कांदा त्याच क्षणी बंद करा आणि डॉक्टरांना बोलवा.

बदल कधी आणि कसा

हिशेब महिन्यातून एकदा, आणि मका किंवा सोया पेंडेचा दर दोन रुपयांनी हलला की लगेच मांडा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला येवला, लासलगाव, मालेगावच्या बाजारात नवा मका येतो तेव्हा ओलावा बघून दोन-तीन महिन्यांचा भरा. इगतपुरी-त्र्यंबककडचा भाताचा पेंढा काढणीनंतर स्वस्त असतो. तो भाकड गायी आणि मोठ्या कालवडींसाठी ठेवा.

स्वस्त खुराक सापडला म्हणून एका दिवसात बदलू नका. पोटातल्या जंतूंना नव्या खाद्याची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले तीन दिवस पाव हिस्सा नवा, पुढचे तीन दिवस अर्धा, मग पाऊण, दहाव्या दिवसानंतर पूर्ण. एकदम मका वाढवला तर पोटात आम्ल होतं, शेण पातळ आणि फेसाळ येतं, रवंथ कमी होतो आणि फॅट पडतो. वाचलेले चार रुपये मग फॅटमध्ये जातात. बदल करताना दोन-तीन गायींवरच आधी करा आणि त्यांचं दूध वेगळं मोजा. फॅट रोज थोडा वर-खाली होतोच, म्हणून एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय नको. पंधराव्या दिवशी वहीत दोन रकाने भरा: त्या गायींच्या दुधाचे पैसे वजा खाद्याचा खर्च, बदलाआधीचा आणि नंतरचा. दुसरा आकडा मोठा असेल तरच बाकीच्या दावणीला तो खुराक लावा.