लेआउटच्या आधीचा पावसाळा: एनए जमिनीवरचं तण, गवत आणि झाडं

पुण्याभोवतीच्या वाघोली, माण, मारुंजी, चाकण या पट्ट्यात एनए (बिगरशेती) झालेली जमीन बांधकाम सुरू होईपर्यंत अनेकदा काही वर्षं पडीक राहते. पेरणी थांबलेली असते आणि मे महिन्यात कुणीतरी जेसीबी लावून ती ‘साफ’ करतं. हे टाळा. बकेट फिरली की मारवेल, पवन्या, हरळी या गवतांची ठोंबं उपटली जातात आणि उघडा पडलेला मुरूम गाजर गवताला आयता मिळतो. तिथलं बी मग शेजाऱ्याच्या बाजरीत आणि सोयाबीनमध्ये जातं. जागा मोकळी दिसायलाच हवी असेल तर ब्रशकटरने चार बोटं बुंधा ठेवून कापा.

पहिलं काम नकाशाचं. मंजूर लेआउट घेऊन जमिनीवर फिरा आणि फक्कीने खुणा करा. जिथे इमारत किंवा रस्ता येणार, तिथे तणाला बी धरू द्यायचं नाही, एवढंच पाहा. लागवडीचा पैसा ओपन स्पेस, हद्दीची पट्टी आणि ओढ्याची कड इथेच घाला. या खुणा साइट इंजिनिअरला जागेवर नेऊन दाखवा आणि दोरी बांधा. कागदावर हिरवा रंग असला तरी ट्रक तिथेच उभे राहतात आणि मिक्सरही तिथेच धुतला जातो.

गाजर गवताची भारतातली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातलीच. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलतं आणि एकेक मोठं झाड हजारो बिया टाकतं. म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन आठवड्यांनी, पानांचा झुपका जमिनीलगत असतानाच, ओल पाहून मुळासकट उपटा. विळ्याने वरून कापलं तर बुडातून फुटतं आणि वीतभर उंचीवरच फुलतं, मग ते गवतात दिसतही नाही. दुसरी फेरी जुलैअखेर, तिसरी ऑगस्टच्या शेवटी लागतेच, कारण बी एकदम उगवत नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला फडकं हवं. अंगावर पुरळ उठतं, दमेकऱ्याला त्रास होतो. फुलं येण्याआधी उपटलेला पाला खड्ड्यात थर देऊन कुजवता येतो: पाल्याचा थर, शेणकाला, वर पातळ माती, असं खड्डा भरेपर्यंत. फुलावर आलेला माल मात्र खतात घालू नका.

पानांवर पिवळसर पांढरे, तपकिरी पट्ट्यांचे भुंगेरे दिसले तर ते मेक्सिकन भुंगेरे, १९८३-८४ च्या सुमारास याच कामासाठी देशात आणलेले. तिथे कीटकनाशक मारू नका. पावसाने ओढ दिली की त्यांचा जोर ओसरतो, त्यामुळे भरवसा हातांवरच.

मिठाचं पाणी फवारण्याचा सल्ला सर्रास मिळतो. पाला जळतो हे खरं, पण माती खारवते आणि पुढे तिथे आपलीच रोपं धरत नाहीत. ग्लायफोसेट हे तणनाशक गवतालाही मारतं, म्हणजे रिकाम्या जागेत पुन्हा गाजर गवतच. टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक गवत सोडतं, मात्र वाऱ्याने उडून शेजारची द्राक्षं, टोमॅटो, कापूस वाकडा करतं. दाट गवत टिकवणं या सगळ्यांहून स्वस्त पडतं.

घाणेरी (टणटणी) वरून छाटली किंवा जाळली तर दुप्पट फुटते. कुदळीने माती बाजूला करून जमिनीखाली दोन-तीन बोटं मूळ तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे फांद्या पुन्हा मुळं धरणार नाहीत. हे फळं काळी होण्याआधी करा. पक्षी बी लांब नेतात. ज्या झाडाखाली पक्षी बसतात तिथे पुढची दोन वर्षं रोपं शोधून उपटा. सुबाभळीची रोपं गुडघ्याएवढी होईपर्यंत ओल्या मातीत सहज निघतात. मोठी झाडं तोडण्याआधी वृक्षतोडीची परवानगी लागते का ते विचारा, आणि नुसती तोडून थांबू नका, खोड फुटत राहतं. पिवळा कॉसमॉस सप्टेंबरात फोटोला छान दिसतो, पण परदेशी आहे आणि माळ गिळतो. तो फुलायच्या आधी उपटा.

मातीबद्दल थोडं सावध. वरची १०–१५ सेंमी माती काढून राखून ठेवायला सगळे सांगतात, पण ती ज्या जागेची, त्या जागेचं बी तिच्यासोबत येतं. अखंड गवताखालची माती राखा, ढीग दीड मीटरपेक्षा उंच करू नका, वर ताग पेरा. गाजर गवताच्या जागेची माती भरावाच्या तळाशी टाका. खोल गेलेलं बी सहसा वर येत नाही. बाहेरून आलेल्या मुरमाच्या जागी पुढच्या पावसात आधी लक्ष द्या, आणि आत येणाऱ्या जेसीबीच्या बकेटला, चाकांना चिकटलेली माती गेटवरच खरवडून घ्या.

लागवड सरसकट करू नका. जिथे मुळात गवताळ माळ आहे, पावसात सोनकी आणि तेरडा उगवतो, तिथे खड्डेच घेऊ नका. उलट मारवेलची ठोंबं ४५ सेंमी अंतरावर लावून मोकळे ठिपके भरा. हद्दीच्या पट्टीला खैर, हिवर, पळस, बहावा, आपटा, मेडशिंग आणि मध्ये करवंद, धायटी, मुरुडशेंग. ओढ्याला करंज आणि उंबर. ४५ सेंमीचे खड्डे एप्रिल-मेमध्ये घेऊन तापू द्यावेत; झाडांत तीन मीटर अंतर, झुडपांत एक ते दीड मीटर. पुण्यात मोसमी पाऊस सरासरी १० जूनच्या आसपास येतो, पण पहिल्या सरीला लावू नका. खड्ड्याच्या तळापर्यंत ओल गेली की लावा आणि जुलैच्या मध्यापर्यंत संपवा. पळसाचं बी ताजंच टोकावं. बहाव्याचं कवच फार कठीण असतं, बी खरखरीत दगडावर घासून मगच पेरा. मोईच्या झाडाच्या मनगटाएवढ्या जाड फांद्या पावसाच्या तोंडावर हातभर खोल पुरल्या तर कुंपण जिवंत होतं.

दोन वर्षं प्रत्येक रोपाभोवती अर्धा मीटर आळं तणमुक्त ठेवा, काढलेलं गवत तिथेच पसरा. चराई बंद. नोव्हेंबरात बी झडल्यावर गवत कापून वैरणीला द्या आणि डिसेंबरपर्यंत हद्दीने तीन मीटरचा जाळपट्टा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेली पट्टी) काढा. रस्त्याकडच्या बाजूला तो आधी, विडी-सिगारेटची थोटकं तिकडूनच येतात.